कालव्याकाठचं घर आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, नमस्कार. एप्रिलमध्ये मी, मिस्टर आणि सासूबाई (वय ७१) अ‍ॅमस्टरडॅमला जातोय. मुलगी डेल्फ्टला शिकते, तीही येईल. मला कालव्याकाठच्या एखाद्या जुन्या घराच्या छोट्या हॉटेलात राहायची फार इच्छा आहे. मिस्टर म्हणतात, विमानतळाजवळचं नवं हॉटेल घेऊ, तिथे लिफ्ट तरी असेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या काही बोलत नाहीत. काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : जुन्या घरातच राहा, पण सासूबाईंची खोली आधी ठरवा आणि मग हॉटेल.

हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे सतराव्या शतकात खणले. त्यांच्या काठची जागा महाग, त्यामुळे घरं अरुंद आणि खोल झाली. खाली व्यापाऱ्याचं बिऱ्हाड आणि माळ्यावर मालाची साठवण, असं कित्येक घरांचं रूप होतं. छपराखालून पुढे आलेली आकडा लावलेली तुळई आजही घरोघर दिसते. तिला कप्पी बांधून गाठोडी वर ओढत आणि माळ्याच्या दारातून आत घेत. माल भिंतीवर आपटू नये म्हणून बऱ्याच घरांचं तोंड मुद्दाम पुढे झुकवलेलं आहे. जड सामान असं बाहेरून जायचं, म्हणून आतल्या जिन्याला जागा उरली ती थोडीच. आपल्याकडे वाड्यात माळ्यावर जाणारा लाकडी जिना असतो ना, तितकाच उभा. पावलाचा अर्धा भाग पायरीच्या बाहेर राहतो. वास्तू संरक्षित असली तर मालकाला मनाला येईल तशी लिफ्ट बसवता येत नाही.

‘तळमजल्याची खोली द्या’ एवढं म्हणून भागत नाही, हे आधी लक्षात घ्या. या घरांचं जोतं उंच असतं. रस्त्यावरून दगडी पायऱ्या चढल्यावर मुख्य दार लागतं, आणि जोत्याखालच्या खोलीत जायचं तर उतरावं लागतं. म्हणून हॉटेलला सरळ लिहा : रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? कठडा दोन्ही बाजूंना आहे का? बॅगा वर कोण नेतं? आकडा सांगायला जे टाळाटाळ करतील, त्यांचं बुकिंग मी तरी करणार नाही.

शेजारशेजारची घरं जोडून केलेली हॉटेलं तुम्हाला जास्त सोयीची पडतील. प्रिन्सेनग्राख्तवरचं पुलित्झर अशी पंचवीस घरं जोडून झालं आहे. हेरेनग्राख्तवरचं अँबासाद त्याहून लहान, पण त्याच जातीचं. अशा ठिकाणी लिफ्ट मिळण्याची शक्यता जास्त. तरी प्रत्येक घराची जमीन वेगळ्या उंचीवर असते. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तीन पायऱ्या वर, पुढे दोन खाली, असं होऊ शकतं. तेही विचारून घ्या.

कालव्याकडची खोली मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. मला तर परसबागेकडची जास्त आवडते. त्या घरांच्या मागे लांबलचक बागा आहेत. त्या रस्त्यावरून दिसत नाहीत आणि रात्री तिथे शांतता असते. वेस्टरकेर्क या चर्चच्या आसपास राहिलात तर मनोऱ्यावरची घंटा ऐकू येईल. सासूबाईंची झोप सावध असेल तर दोन गल्ल्या लांब राहा.

खर्चाचं थोडक्यात सांगते. २०२४ पासून शहराचा पर्यटन कर भाड्याच्या १२.५ टक्के आहे आणि संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरात तो प्रत्येक वेळी धरलेला नसतो. शिवाय २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. अख्खं शहर केशरी कपड्यांत रस्त्यावर उतरतं आणि भाडी कडाडतात. तो दिवस आणि आदली रात्र टाळा.

तुम्ही कुडाळच्या, म्हणून एक आवर्जून सांगते. वेंगुर्ल्याची डच वखार तुम्ही पाहिली असेलच. ती ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिची अ‍ॅमस्टरडॅममधली कचेरी औदे होख्स्त्रात या गल्लीत अजून उभी आहे. आता ती विद्यापीठाकडे आहे. तिच्या चौकात सासूबाईंना जरूर न्या. वेंगुर्ल्याचा कारभार जिथून चालायचा, ती जागा बघून त्यांना काय वाटतं ते मला खरंच कळवा.

अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि ती झटकन संपतात, त्यामुळे हे काम मुलीवर सोपवा. मात्र त्या घराच्या जुन्या भागातले जिनेही असेच उभे आहेत. सासूबाईंचं तिकीट काढण्याआधी त्यांना हे स्पष्ट सांगा आणि ठरवू द्या त्यांनाच.