'फेरमोजणी' की 'पुनर्मोजणी'? फ्लोरिडातल्या 537 मतांच्या निमित्ताने

प्रश्न एका लेखिकेचा आहे. 2000 सालच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर, म्हणजे जॉर्ज बुश आणि अल गोर या दोन उमेदवारांत फ्लोरिडा राज्याच्या मतमोजणीवरून झालेल्या वादावर, त्यांनी मराठीत लेख लिहिला. संपादकांनी 'फेरमोजणी' खोडून सगळीकडे 'पुनर्मोजणी' केले, कारण 'फेर' बोलीतला आणि 'पुनर्' प्रमाण. बरोबर कोणते, आणि त्या प्रकरणात सारखा येणारा 'चॅड' (मतपत्रिकेला छिद्र पाडताना सुटणारा कागदाचा तुकडा) मराठीत कसा आणायचा, असे त्या विचारतात.

'फेरमोजणी'च ठेवा. फेरविचार, फेरतपासणी, फेरसुनावणी, फेरपरीक्षा हे शब्द आपण कोर्टात, शाळेत, सरकारी पत्रात रोज वापरतो. त्यांना बोलीतले कुणी म्हणत नाही. 'पुनर्' हवाच असेल तर पुढे 'गणना' घ्या, 'पुनर्गणना' नीट जुळते. 'मोजणी'ला मात्र 'फेर'च शोभतो. शिवाय 'फेर' म्हणजे फरक, पालट असाही अर्थ आहे: बोलण्यात फेर पडला, हिशेबात फेर आला. फेरमोजणी लोक मागतात ती आकड्यात फेर पडेल या आशेनेच. 'पुनर्'मध्ये ती आशा नाही.

आता 'गणना'पेक्षा 'मोजणी' का, हे सांगण्यासारखे आहे. आपण पैसे मोजतो आणि जमीनही मोजतो. एकाच क्रियापदात गणती आणि माप दोन्ही बसतात. फ्लोरिडात पाच आठवडे जो वाद पेटला तो बरोबर या दोन अर्थांच्या मध्ये होता.

मतदान झाले 7 नोव्हेंबरला. राज्यात साठ लाखांच्या आसपास मते पडली आणि पहिल्या मोजणीत बुश 1,784 मतांनी पुढे होते. अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर यंत्राने पुन्हा मोजायचे, असा तिथला कायदा. तसे मोजले, अंतर आणखी घटले. ही झाली साधी गणती. मग गोर यांच्या बाजूने व्होलुशिया, पाम बीच, ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड या चार काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) हाताने मोजणी मागितली. अनेक काउंट्यांत मतपत्रिका छिद्रांच्या होत्या. मतदाराने टोचणीने आपल्या उमेदवाराच्या आकड्यापुढचा चिमुकला चौकोन पाडायचा. तो पूर्ण सुटला तर यंत्राला भोक दिसते, अर्धवट राहिला तर दिसत नाही. मग मोजणीला बसलेली माणसे एकेक पत्रिका उजेडासमोर धरू लागली. ब्रॉवर्डमधल्या एका न्यायाधीशांचा भिंग डोळ्याला लावलेला फोटो जगभर छापून आला. ते त्या क्षणी गणती करत नव्हते, माप घेत होते.

हा सुटणारा चौकोन म्हणजे चॅड. 'टिकली' आणि 'चकती' हे शब्द पहिल्यांदा सुचतात, पण दोन्ही गोल आहेत आणि चॅड गोल नव्हता. माझी पसंती 'कपटा'. कागदाचा कपटा आपण म्हणतोच. एका कोपऱ्याला अडकलेला तो 'लोंबता कपटा', दोन कोपऱ्यांना धरून दारासारखा हलणारा तो 'झुलता'. चारही कोपरे जागेवर, पण टोचणीचा दाब उमटलेला, त्याला 'पोचा आलेला कपटा' म्हणा. पितळेचे पातेले पडले की त्याला जो येतो तोच हा पोचा, याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. पोचा आलेला कपटा मत धरायचा की नाही, यावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरायचा होता.

एक सावधगिरी मात्र फार गरजेची. यंत्राला ज्या पत्रिकांवर अध्यक्षपदाचे मत सापडले नाही, त्यांना तुमच्या लेखात 'कोऱ्या मतपत्रिका' म्हटले आहे. हा शब्द एका बाजूला झुकतो. बुश यांच्या वकिलांचे म्हणणे हेच होते की या पत्रिका मोजून झाल्या आहेत, एकदा नव्हे दोनदा, आणि त्यांत मत नाही. गोर यांच्या बाजूचे म्हणणे की त्या कधी मोजल्याच गेल्या नाहीत, तेव्हा 'फेर' कसली? त्यांच्या लेखी ती पहिलीच मोजणी. म्हणून 'न मोजलेल्या' म्हटले तरी झुकलातच. 'यंत्राला मत न सापडलेल्या पत्रिका' हे लांबट आहे, पण त्यात कुणाचा वकील बोलत नाही. दोन उमेदवारांपुढे छिद्रे पडलेल्या पत्रिकांना आपला 'बाद' चालेल.

चूक शोधण्यासाठी होणाऱ्या अशा दुसऱ्या मोजणीला आपल्याकडच्या जमीन मोजणीत चपखल शब्द आहे. आमच्या बांधाचा वाद झाला तेव्हा पहिली मोजणी काकांनी मानली नाही. मग वरचा अधिकारी येऊन 'निमताना मोजणी' झाली. त्याच शेतात, पण दुसऱ्या नजरेने आणि पहिल्या मोजणीची चूक शोधण्यासाठी. लहानपणी बांधावर ऐकलेला तो शब्द फ्लोरिडाचे वाचताना मला सारखा आठवतो. निवडणुकीच्या लेखात तो घालू नका, वाचक अडखळेल. पण यंत्राची फेरमोजणी आणि हाताची फेरमोजणी प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहा. नुसते 'फेरमोजणी झाली' लिहिले की कोणती, ते कळत नाही.

तुम्ही एका जागी 'फेरमतदान' लिहिले आहे तेही तपासा. पाम बीचची मतपत्रिका फुलपाखरासारखी होती, नावे दोन्ही पंखांवर आणि छिद्रे मधोमध. पुष्कळांचे मत भलत्याच उमेदवाराला गेले, म्हणून तिथल्या मतदारांनी पुन्हा मतदान मागितले. ते फेरमतदान. कोर्टाने ते दिले नाही.

'हरकत' आणि 'दावा' यांतही गल्लत नको. फ्लोरिडाच्या तेव्हाच्या कायद्यात निकाल प्रमाणित होण्याआधी काउंटीच्या मतमोजणी मंडळापुढे हरकत घ्यायची आणि प्रमाणित झाल्यावर कोर्टात दावा लावायचा, असे दोन टप्पे होते. आपल्याकडेही लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे फेरमोजणीचा लेखी अर्ज करता येतो. जाहीर झाल्यावर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, एवढाच रस्ता. फ्लोरिडाचा निकाल 26 नोव्हेंबरला प्रमाणित झाला, बुश 537 मतांनी पुढे. त्याआधीची भांडणे हरकतीची, नंतरची दाव्याची.

शेवटचा मुद्दा तुमच्या समारोपातल्या वाक्याचा: 'सर्वोच्च न्यायालयाने बुश यांना विजयी घोषित केले.' असे झाले नाही. 8 डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी राज्यभरातल्या, यंत्राला मत न सापडलेल्या पत्रिका हाताने मोजायचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मोजणी चालू असताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशी स्थगिती दिली. 12 तारखेला निकाल आला. सात न्यायमूर्तींना एवढे पटले की कपटा कसा धरायचा याचे माप काउंटीगणिक बदलत असेल तर ते समान वागणुकीच्या हक्कात बसत नाही. पाम बीचने तर मोजता मोजता माप अनेकदा बदलले होते. मधे कपट्याच्या फटीतून उजेड दिसला तरी मत, असाही नियम लावला होता. पण एकसारखे माप ठरवून पुन्हा मोजायला आता वेळ उरलेला नाही, हे पाच जणांचेच मत होते, आणि तेच निर्णायक ठरले.

इथे 'आदेश फिरवला' लिहा. वरच्या कोर्टाने खालच्याचा निकाल बदलला की आपण हेच म्हणतो. फेर, फेरा, फिरवणे एकाच घरातले शब्द, त्यामुळे वाक्यही छान बसते: फेरमोजणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, आणि 13 डिसेंबरला गोर यांनी हार मान्य केली.