चर्च कुणाचं? अमेरिकेतल्या जुन्या प्रेसबिटेरियन चर्चांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेच्या पूर्वेकडल्या जुन्या शहरांत ‘प्रेसबिटेरियन’ पाटीची चर्चं बरीच दिसतात. इतर चर्चांपेक्षा यांत वेगळं काय?

मुख्य फरक कारभाराचा. ग्रीकमध्ये ‘प्रेसबिटर’ म्हणजे वडीलधारा. या पंथात बिशप नाही. मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, आपल्यातूनच वडील निवडते, आणि ते वडील व पाळक (पास्टर) मिळून जी समिती होते तिला सेशन म्हणतात. एका भागातल्या मंडळ्यांची प्रेसबिटरी, तिच्यावर सिनॉड आणि सगळ्यांत वर जनरल असेंब्ली. आजच्या मुख्य संघटनेत, म्हणजे प्रेसबिटेरियन चर्च (यूएसए) किंवा पीसीयूएसएमध्ये, वडिलाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते आणि सलग सहा वर्षांपलीकडे कुणाला बसता येत नाही. अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी १७०६ मध्ये फिलाडेल्फियात भरली, फ्रान्सिस मकेमी यांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विनापरवाना प्रवचन केलं म्हणून गव्हर्नरने त्यांना अटक केली. ज्यूरीने सोडलं, पण खटल्याचा खर्च त्यांच्याच माथी बसला.

या विचाराची खूण इमारतीतही दिसते. जुन्या चर्चांत समोर, मधोमध, उंच व्यासपीठ असतं, कारण उपासनेत प्रवचन मुख्य. पुढे गॉथिक शैलीची आवड वाढली, तशी व्यासपीठं बऱ्याच ठिकाणी बाजूला सरकली.

प्रश्न : मंडळीने बहुमताने संघटना सोडायचं ठरवलं, तर इमारत कुणाकडे राहते? पैसे तर त्यांच्याच पूर्वजांनी घातलेले असतात.

या प्रश्नाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली आहे. विशेष म्हणजे त्यातले महत्त्वाचे खटले प्रेसबिटेरियनांचेच आहेत. लुईव्हिलच्या वॉलनट स्ट्रीट चर्चमध्ये यादवी युद्धानंतर गुलामगिरीच्या प्रश्नावरून फूट पडली. १८७२ मध्ये न्यायालय म्हणालं की धर्मसंस्थेच्या वरिष्ठ सभेने जो गट खरा ठरवला, त्याचीच मालमत्ता. धर्माच्या वादात आम्ही पडणार नाही. त्यानंतर जॉर्जियात मेकनच्या व्हाइनव्हिल चर्चमध्ये १६४ विरुद्ध ९४ मतांनी बाहेर पडायचं ठरलं. त्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दुसरी वाट मोकळी केली: राज्यांची न्यायालयं खरेदीखत, संस्थेची घटना आणि राज्याचे कायदे वाचून, धर्मशास्त्रात न शिरता निकाल देऊ शकतात.

ही वाट खुली झाल्यावर वरिष्ठ सभांनी आपल्या घटनेतच स्पष्ट कलम घातलं: स्थानिक मंडळीच्या नावावर मालमत्ता असली तरी ती संपूर्ण संघटनेसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. म्हणून खरेदीखतावर ‘ट्रस्टीज ऑफ फर्स्ट प्रेसबिटेरियन चर्च’ एवढंच लिहिलंय, असं म्हणून भागत नाही. सेशनला प्रेसबिटरीच्या लेखी परवानगीशिवाय इमारत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही; उपासनेची जागा भाड्यानेही देता येत नाही, आणि इतर जागा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. वकिलाकडे जायच्या आधी तीन कागद हाताशी हवेत: मूळ खरेदीखत, राज्याकडे नोंदवलेली संस्थेची घटना आणि तिच्या दुरुस्त्या. बहुतेक वाद तिसऱ्या कागदापाशी येऊन अडकतात, कारण दुरुस्ती कुठल्या सभेत मंजूर झाली हेच सापडत नाही.

प्रश्न : चर्चचं नाव नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आलं, की ते पाडता येत नाही ना?

पाडता येतं. हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९६६ च्या कायद्याने तयार झालेली ही यादी मानाची आहे. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना मध्ये येत नसेल, तर खासगी मालकाला ती अडवत नाही. शिवाय धार्मिक इमारत केवळ धर्माच्या महत्त्वावर यादीत जात नाही. वास्तुकला, कलाकुसर किंवा इतिहास यांतला ठोस आधार अर्जात मांडावा लागतो.

खरी अडवणूक होते शहराच्या वारसा कायद्याने. मॅनहॅटनच्या वेस्ट-पार्क चर्चची लाल वालुकाश्माची इमारत २०१० मध्ये मंडळीच्या मर्जीविरुद्ध संरक्षित झाली. मंडळी मोजक्या माणसांवर आलेली, दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर. २०२२ मध्ये पाडण्याची परवानगी मागितली, शेजारपाजार आणि कलावंत विरोधात उभे राहिले, आणि २०२४ च्या सुरुवातीला अर्ज मागे घेतला गेला. इमारत वाचवा म्हणणाऱ्यांनी पैशाचं गणितही मांडायला हवं, असं आम्हाला वाटतं. नुसत्या संरक्षणाने छप्पर गळायचं थांबत नाही.

पैशाची अडचण दोन्हीकडून आहे. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर मिळणारी २० टक्के केंद्रीय करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, आणि चर्च मुळात आयकर भरतच नाही. अनुदानाचं राज्यागणिक वेगळं. न्यू जर्सीत मॉरिस काउंटीने मॉरिसटाउनच्या प्रेसबिटेरियन चर्चसह अनेक चर्चांना वारसा निधी दिला होता. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यघटनेविरुद्ध ठरवला. तेव्हा अर्ज भरण्याआधी आपल्या राज्याची घटना वाचा.

प्रश्न : विटांची भिंत पोपडे टाकते आहे. दहा वर्षांपूर्वीच सिमेंटने विटांमधले सांधे भरले होते, तरीही?

तरीही नाही, बहुधा त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या भिंती चुना-वाळूच्या मसाल्यात बांधलेल्या आहेत. वीट मऊ, मसाला तिच्याहून मऊ, आणि आतलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. पोर्टलँड सिमेंट विटेपेक्षा कडक; ते पाणी अडवतं. मग पाणी विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी भाग सुटून येतो.

आधी जुन्या मसाल्याचा नमुना तपासून घ्या, म्हणजे वाळूचा रंग आणि कण जुळवता येतात. सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल खरवडायचं; अर्ध्या इंचाचा सांधा असेल तर एक ते सव्वा इंच. कडक सिमेंट काढताना ग्राइंडर विटेच्या कडा खातो, म्हणून अरुंद उभ्या सांध्यांत छिन्नीच बरी. भरण्याआधी भिंत ओली करा, थर देत भरा, काही दिवस दमट ठेवा. थंडीत हे काम काढूच नका. आणि वाळूच्या फवाऱ्याने वीट साफ करू नका. भट्टीत तयार झालेली कडक कातडी एकदा गेली की गेली.

रंगीत काचांचं दुखणं वेगळं. संरक्षणासाठी बाहेरून लावलेल्या दुसऱ्या काचेला वर-खाली हवेची फट नसली, तर मध्ये उष्णता कोंडते, पाणी साचतं, शिशाच्या पट्ट्या वाकतात आणि खिडकी पोट काढते. पोट दिसलं की हाताने दाबून सरळ करायला जाऊ नका, काच तडकते.

प्रश्न : वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यू चर्चमध्ये दाखवतात ते लिंकनचं बाक खरं का?

बाक जपलेलं आहे. भोवतीची इमारत १९५१ ची. लिंकन भाडं भरून तिथे बसत, पण त्या मंडळीचे सभासद कधीच झाले नाहीत. तेव्हा बाकांचं भाडं हेच चर्चचं मोठं उत्पन्न होतं आणि पुढची बाकं महाग. कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी वरच्या सज्ज्यात बसवत. जुन्या चर्चमध्ये गेलात तर सज्ज्याचा जिना बघा: तो आतून न निघता बाहेरच्या दारातून निघत असेल, तर का ते विचारा. याच भेदातून कृष्णवर्णीयांची स्वतंत्र चर्चं निघाली; त्यांतलं पहिलं प्रेसबिटेरियन चर्च जॉन ग्लॉस्टर यांनी १८०७ मध्ये फिलाडेल्फियात उभं केलं.

प्रश्न : आठवडाभर रिकामं असलेलं तळघर आजूबाजूच्या वस्तीच्या कामांसाठी द्यायचं आहे. काय सांभाळावं?

प्रथा जुनीच आहे. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांचं पहिलं सार्वजनिक हायस्कूल १८७० मध्ये फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेसबिटेरियन चर्चच्या तळघरात सुरू झालं. पुढे तेच डनबार हायस्कूल. नॅशव्हिलचं इजिप्शियन शैलीतलं चर्च यादवी युद्धात इस्पितळ झालं होतं.

आज अन्नवाटप किंवा व्यसनमुक्ती गटाला जागा देणं सोपं, पाळणाघराला देणं अवघड: इमारतीचा वापर बदलला असं नगरपालिका धरते आणि बाहेर पडण्याच्या वाटा, अग्निशमनाची सोय नव्याने मागते. करार लेखी हवा. वापरणाऱ्याच्या विम्यात चर्चचं नावही घालून घ्या. भाडं घेणार असाल, तर मालमत्ता करातली माफी तेवढ्या भागापुरती जाऊ शकते. आधी करआकारणी कचेरीत विचारा.

प्रश्न : पूर्वजांच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठे मिळेल?

आधी त्या चर्चमध्येच विचारा. तिथे नसेल, तर फिलाडेल्फियातल्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे. १८५२ पासून ती कागद जपते आहे. गाव, अंदाजे साल आणि शाखा कळवा. १८३७ आणि १८६१ मध्ये पंथ फुटला, उत्तर-दक्षिण शाखा १९८३ मध्ये एक झाल्या, त्यामुळे एकाच गावात दोन चर्चं आणि दोन वह्या असू शकतात. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नसेल, तर सेशनची इतिवृत्तं चाळा. गाव बदलताना सभासद दाखला घेऊन जात, तो कुठल्या चर्चच्या नावे दिला तेही त्यात लिहिलेलं असतं.