जर्मनीत पीएचडीला यायचंय, तर कोल्हापुरात बसून काय वाचशील

भावा, तुझा प्रश्न असा की शिवाजी विद्यापीठात ऑरगॅनिकची एम.एस्सी. संपत आलीय, जर्मनीत मेडिसिनल केमिस्ट्रीत (म्हणजे औषधाची संयुगं घडवायच्या शास्त्रात) पीएचडी करायचीय, तोवर काय वाचू, नवं काय चाललंय ते कुठं कळेल, आणि पैशाचं काय.

पैशाचं आधी उरकतो. इकडं पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते. पगाराची सरकारी श्रेणी ई-१३, पण केमिस्ट्रीत हातात येतो अर्धा किंवा दोन तृतीयांश पगार. एकट्याचं भागतं. करारपत्र असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच बँकेत अडकवून दाखवायची, सहसा गरज पडत नाही. विद्यार्थी व्हिसावर येणार असशील तर नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदव्या खऱ्या असल्याचा तपासणी दाखला) लागतं, त्यामुळं मार्कशीट आत्ताच गोळा करायला लाग. जागा युरॅक्सेसवर, म्हणजे युरोपातल्या संशोधन नोकऱ्यांच्या वेबसाइटवर, बघ. मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या युरोपियन युनियनच्या पीएचडी योजनेची अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचंय तिथं १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. राजारामपुरीत बसलेल्याला ही अट फायद्याचीच.

आता वाचायचं. बातम्यांसाठी केमिकल अँड इंजिनीअरिंग न्यूज आणि केमिस्ट्री वर्ल्ड चाळलंस तरी पुरे, त्यात वेळ घालवू नकोस. इंटरव्ह्यूला ताज्या बातम्या पाठ असलेली पोरं ढिगानं येतात. प्रोसिजर, म्हणजे प्रयोगाची कृती, वाचता येणारी मात्र कमी.

ती सवय लावायला ऑरगॅनिक सिंथेसेस हे प्रकाशन धर. १९२१ पासून निघतंय, फुकट आहे, आणि त्यातली प्रत्येक प्रोसिजर छापण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये पुन्हा करून बघितलेली असते. मजकुरापेक्षा खालच्या टिपा वाच: रिएजंट कुठल्या शुद्धतेचा घेतला, मिश्रणाचा रंग कधी बदलला, थेंबथेंब घालायला किती वेळ लागला. आपल्याकडं प्रॅक्टिकलच्या वहीत हेच सगळं गाळलेलं असतं.

दुसरं, ऑरगॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट हे जर्नल. सोडियम हायड्राइड हा बेस आणि डीएमएफ हा सॉल्व्हंट (द्रावक) हे मिश्रण तूही वापरलं असशील. २०१९ मध्ये याच जर्नलनं ते तापत जाऊन स्फोटापर्यंत कसं पोचतं हे मोजून दाखवलं. शिवाय डिसेंबर २०२३ पासून युरोपात डीएमएफच्या वापरावर बंधनं आलीत. त्यामुळं इंटरव्ह्यूत "मग कुठला सॉल्व्हंट घेशील?" असं विचारलं तर टीएचएफ (दुसरा एक सॉल्व्हंट) एवढंच म्हणून गप्प बसू नकोस, का ते सांग.

मेडिसिनलसाठी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री. पेपर उघडलास की चर्चा झाकून फक्त संयुगांचा तक्ता बघ. मिथाइलच्या जागी क्लोरो आल्यावर आयसी-५० (टार्गेटचं काम निम्म्यावर आणायला लागणारं संयुगाचं प्रमाण) का घसरला, विद्राव्यतेचं काय झालं, हे आधी स्वतः लिही, मग त्यांचं वाच. पहिला महिनाभर डोकं गरगरेल. याच जर्नलच्या २०१६ च्या एका विश्लेषणात दिसलं की औषधकेमिस्ट आजही अमाइड जोडणं आणि सुझुकी कपलिंग (दोन कार्बन जोडायची रिअॅक्शन) यांच्यावरच सगळ्यात जास्त विसंबतात. तेव्हा नोबेलवाल्या नव्या रिअॅक्शन आवडीनं वाच, पण हात या दोघींवर बसव.

जर्नलांच्या पैशाची काळजी नको. सरकारी विद्यापीठांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून बरीच जर्नलं मिळतात, आणि केमआर्काइव्ह या वेबसाइटवरचे प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी टाकलेले पेपर) तर सगळ्यांनाच फुकट. केम्बल या फुकट डेटाबेसमध्ये एखादं टार्गेट (औषध ज्यावर काम करतं ते प्रथिन) टाकलंस की त्यावर तपासलेली संयुगं आकड्यांसकट डाउनलोड होतात. घरच्या लॅपटॉपवर आरडीकिट हे रेणूंच्या रचना हाताळायचं फुकट सॉफ्टवेअर टाकून त्यातली पन्नास-साठ रचनेनुसार लावून बघ. प्रोफेसरला पाठवायच्या मेलमध्ये त्यातली एकच गोष्ट लिही, तीही त्यांच्याच पेपरला धरून, चार ओळींत.

आणि "रिस्पेक्टेड सर" तेवढं लिहू नकोस. "डिअर प्रोफेसर" आणि पुढं आडनाव, बास. मसुदा झाला की मला धाड, बघून देतो.