डाव्यांनी मोठ्या पक्षात जावं का? जावं, पण एकट्याने नाही

तुम्ही विचारलंय की डाव्या विचारांच्या माणसाने मेनस्ट्रीम पक्षात शिरून तो आतून बदलायचा प्रयत्न करावा, की आपला छोटा पक्ष धरून राहावं. माझं मत स्पष्ट आहे, जायला हरकत नाही, पण तुमच्यामागे बाहेर एखादी युनियन, शेतकरी संघटना, वस्तीतलं काम असं काही जिवंत नसेल तर अजिबात जाऊ नका, कारण मग तुम्ही पक्ष बदलणार नाही, पक्ष तुम्हाला बदलेल.

यावर मला सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो तो काँग्रेस समाजवादी पक्षाचा इतिहास. १९३४ साली जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, मिनू मसानी, अच्युत पटवर्धन वगैरे मंडळींनी तो काढला, त्यातले बरेच जण आधी नाशिकच्या तुरुंगात एकत्र होते आणि कल्पना तिथलीच. काँग्रेसमध्येच राहायचं पण आपलं सभासदत्व वेगळं, कार्यक्रम वेगळा, बैठका वेगळ्या. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, खंड आणि शेतसारा कमी करा या मागण्या त्यात आल्या. नेहरू अध्यक्ष होते आणि त्यांचा कल डावीकडे होता हे खरंच, पण त्याच वर्षी लखनौला किसान सभा उभी राहिली होती आणि गावोगाव शेतकरी हलायला लागला होता हे विसरून चालणार नाही. नुसती चांगली भाषणं करून तो ठराव झाला असता असं मला वाटत नाही.

मग १९४८ ला काँग्रेसने नियम केला की स्वतःची घटना असलेल्या दुसऱ्या पक्षाचा सभासद इथे चालणार नाही, आणि समाजवादी बाहेर पडले. पुढे काय झालं ते आकड्यांत बघा, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला जवळपास साडेदहा टक्के मतं आणि जागा फक्त १२, कम्युनिस्टांना साधारण सव्वातीन टक्के मतं आणि जागा १६, कारण त्यांनी मोजक्या ठिकाणी, जिथे पाया होता तिथेच जोर लावला. आणि काँग्रेसला ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४. म्हणजे एका मतदारसंघात जास्त मतं मिळवणारा एकच जिंकतो अशी पद्धत असेल तर देशभर विखुरलेली सदिच्छा काही कामाची नाही. वेगळं राहा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते बहुतेक जण देत नाहीत.

पण आत जाणाऱ्यांनी पण एक गोष्ट आधी तपासायला हवी, तिकीट कोण देतं? ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन २०१५ ला सामान्य सभासदांच्या मतांवर लेबर पक्षाचे नेते झाले, तेही मोठ्या फरकाने, पण खासदार त्यांचे नव्हतेच, २०१६ ला १७२ विरुद्ध ४० मतांनी खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. सभासदांनी परत निवडून दिलं तरी बहुतेक खासदार त्यांच्या विचारांचे झाले नाहीत, आणि शेवटी २०२४ ला त्यांना स्वतःच्याच जुन्या मतदारसंघातून अपक्ष उभं राहावं लागलं (जिंकले ते, कारण तिथे लोक त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते). उलट अमेरिकेत प्रायमरी असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच मत देऊन ठरवतात, म्हणून २०१८ ला डाव्या विचारांच्या ओकासिओ-कोर्टेझ डेमोक्रॅटिक पक्षाच्या बड्या नेत्याला, जो क्राउलींना, हरवू शकल्या. जिथे तिकीट वरून एक-दोन माणसं देतात तिथे आतून बदल करणं कितीतरी अवघड आहे, तिथे डावा माणूस फार तर जाहीरनामा लिहायला आणि आंदोलनात पुढे उभा राहायला वापरला जातो.

काँग्रेसमधले तरुण तुर्क, म्हणजे डावीकडे झुकलेल्या तरुण नेत्यांचा गट, हे पण आठवा. १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा चंद्रशेखरांसारख्यांचा आवाज पक्षात मोठा होता, कारण नेतृत्वाला पक्षातल्या जुन्या नेत्यांशी लढायला ते हवे होते. १९७५ ला आणीबाणीत तेच चंद्रशेखर काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद असताना तुरुंगात गेले. गरज संपली की जागा संपते, म्हणून कुठल्या मुद्द्यावर आपण बाहेर पडणार हे आपल्या लोकांसोबत बसून आत जाण्याआधीच ठरवा, पद मिळाल्यावर ते ठरवणं कोणालाच जमत नाही, प्रामाणिक माणसालासुद्धा.

मतांच्या प्रमाणात जागा मिळतात अशा देशात मात्र मी वेगळा पक्षच काढा म्हणेन. जर्मनीत लाफोन्टेन एकेकाळी सोशल डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष होते, २००५ ला ते बाहेर पडले आणि २००७ ला डी लिंके हा डावा पक्ष उभा राहिला. देशभर किमान वेतनाचा कायदा हवा ही मागणी या पक्षाने लावून धरली, आणि २०१५ पासून ते लागू झालं तेव्हा सरकारमध्ये डी लिंके नव्हता, सोशल डेमोक्रॅट होते. डावीकडची मतं हातची जातायत हे दिसल्यावर मोठा पक्ष हलतो, त्यासाठी त्याच्या ऑफिसात जाऊन बसावंच लागतं असं नाही.