नागपुरात घरच्या लॅब्राडोर पिल्लाला वडिलांसाठी गाइड डॉग म्हणून तयार करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे आहेत, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली, राहता त्रिमूर्तीनगरला, आणि घरात तीन महिन्यांचं लॅब्राडोर पिल्लू आणलंय. व्हिडिओ बघून त्याला घरीच गाइड डॉग, म्हणजे अंध माणसाला रस्त्याने सांभाळून नेणारा कुत्रा, करता येईल का, असं विचारलंय.

नाही, घरी ते होणार नाही. पण म्हणून पिल्लू परत करू नका, आणि वडिलांना घरात बसवूनही ठेवू नका.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अमेरिकेत होतो. तिथे असे कुत्रे तयार करणाऱ्या एका संस्थेसाठी मी एक पिल्लू वाढवलं. हेझल, काळी लॅब्राडोर मादी. आठ आठवड्यांची होती तेव्हा आली आणि सव्वा वर्षाची झाल्यावर परत गेली. एवढ्या दिवसांत रस्ता कसा दाखवायचा यातलं मी तिला काहीच शिकवलं नाही, कारण ते आमचं कामच नव्हतं. बस, लिफ्ट, बाजार, फटाक्यांचे आवाज या सगळ्यांची तिला सवय करायची. माणसांवर उडी नाही, जमिनीवर पडलेलं खाणं उचलायचं नाही, सांगितल्या जागी आणि सांगितल्यावरच शी-शू करायची. एवढंच. खरं शिक्षण त्यानंतर संस्थेत, चार ते सहा महिने. मग ज्याला कुत्रा मिळणार तो माणूस तिथे येऊन राहतो आणि काही आठवडे दोघं मिळून शिकतात.

तरीही बरेच कुत्रे गळतात. कोणी घाबरट निघतो, कोणाचे खुबे कच्चे असतात, कोणाचं लक्ष मांजरीकडे. आणि ही पिल्लं बाजारातून आणलेली नसतात. मोठ्या संस्था आता स्वतःच पैदास करतात, स्वभाव आणि तब्येत बघून पिढ्यान्पिढ्या निवडलेली. तुमच्या पिल्लात काही कमी आहे असं मला म्हणायचं नाही. फक्त वडिलांचा जीव त्याच्या भरवशावर टाकता येणार नाही.

हे मला हेझलला परत करायला गेले त्या दिवशी अंगावर आलं. संस्थेच्या लोकांनी आमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एका शिकलेल्या कुत्र्याच्या पाठीवरच्या पट्ट्याचा दांडा डाव्या हातात दिला. कुत्र्याच्या खांद्यांची हालचाल त्या दांड्यातून थेट मनगटात येते. मस्त चालत होतो, आणि तो थांबला. मी ‘फॉरवर्ड’ म्हटलं. हलेना. पुन्हा म्हटलं, दांडा जरा पुढे ढकलला. तो वळून माझ्या गुडघ्यांसमोर आडवा उभा राहिला. शिक्षिका मागून म्हणाली, त्याच्या बाजूने पाय हळूच पुढे सरकव. सरकवला, तर पुढे जमीनच नव्हती. माल उतरवायचा ओटा होता तो, चांगला कमरेएवढा उंच. इतर वेळी शब्द पडू न देणारा कुत्रा अशा वेळी हुकूम मोडतो. त्याला तिथे इंटेलिजंट डिसओबिडियन्स म्हणतात. नेमकं हेच घरी, चुका करत करत, शिकवता येत नाही. इथली एक चूक म्हणजे वडिलांचं मोडलेलं हाड.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रस्ता कुत्र्याला ठाऊक नसतो, माणसाला ठाऊक असतो. दुसऱ्या गल्लीत डावीकडे, मग चौक, हे सगळं माणूस डोक्यात धरून सांगतो. कुत्रा वाटेतले खांब, खड्डे, डोक्याला लागणाऱ्या फांद्या चुकवतो. सिग्नलही त्याला वाचता येत नाही. लाल-हिरव्यातला फरक कुत्र्याच्या डोळ्यांना नीट दिसत नाही. कधी ओलांडायचं ते वाहनांच्या आवाजावरून माणूस ठरवतो, आणि गाडी अंगावर येत असेल तरच कुत्रा अडतो. म्हणजे एकट्याने फिरायची विद्या आधी माणसाकडे लागते. ती पांढऱ्या काठीने येते.

इथे मला माझ्या मामांबद्दल सांगावंसं वाटतं. त्यांचीही नजर काचबिंदूनेच गेली. ज्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं तिथे ‘आता काही होणार नाही’ एवढं सांगून फाइल हातात दिली. काठीबद्दल एक शब्द नाही. मामा दोन वर्षं खुर्चीत बसून होते. आम्हीही त्यांना दंडाला धरून संडासापर्यंत नेत होतो आणि त्यालाच सेवा समजत होतो. मला आजही त्याचं वाईट वाटतं. मग काठीचं शिक्षण देणारा एक माणूस घरी यायला लागला. तो स्वतः अंध होता. छातीच्या हाडापर्यंत उंच काठी, ती डावी-उजवीकडे फिरवताना खांद्यांपेक्षा थोडी रुंद कमान, उजवा पाय पुढे तेव्हा काठीचं टोक डावीकडे. मामा आधी चिडले, ‘काठी घेऊन निघालो तर लोक काय म्हणतील बाप्पा?’ चार महिन्यांनी ते धरमपेठेतल्या घरून शंकरनगर मेट्रो स्टेशनला एकटे गेले. मी वीस पावलं मागे होते, त्यांना न सांगता. फुटपाथवर लावलेल्या स्कूटरला काठी लागली, थांबले, वळसा घेतला. कोपऱ्यावरच्या गाडीवरून तर्रीचा वास आला तसे उजवीकडे वळले. तो वासच त्यांची खूण होती. स्टेशनातल्या उठावाच्या पिवळ्या फरशा काठीला लागल्या आणि तिथून ते माझ्यापेक्षा भरभर चालले. त्या दिवशी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, जाऊन परत आले.

आपल्याकडे शिकलेला कुत्रासुद्धा अडेल, हेही सांगते. फुटपाथ मध्येच संपतो, आणि मोकाट कुत्री दुसऱ्या कुत्र्याला आपल्या गल्लीतून जाऊ देत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा डांबरावर तळवे भाजतात. तुमच्या पिल्लाला नेताना हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. ठेववत नसेल तर त्याला नेऊ नका. एप्रिल ते जून फिरणं पहाटे, नाहीतर रात्री उशिरा.

पिल्लाचं काय करायचं? ते वडिलांचं होऊ द्या. जेवण त्यांच्याच हातून, भांडं रोज एकाच जागी. गळ्यात छोटी घंटी बांधा, म्हणजे ते कुठे आहे हे त्यांना कळेल. दारात आणि पायवाटेत लोळू द्यायचं नाही. त्यासाठी एक चटई ठरवा आणि ‘जागेवर’ म्हटलं की तिथेच जायची सवय आत्तापासून लावा. वाटेत लोळणारं पिल्लू हाच घरात पडण्याचा मोठा धोका आहे. शब्द सगळ्यांनी एकच वापरायचा. खाली बसवायला ‘बस’ मात्र नको. पोळी वाढतानाही आपण बस म्हणतो आणि रस्त्यावरही बस येते. ‘खाली’ म्हणा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांच्या लसी पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे आता वेळ झालीच आहे. गोचीड रोज कानामागे आणि बोटांमध्ये बघा.

वडिलांना धरून नेऊ नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. काठीच्या शिक्षणाची चौकशी याच आठवड्यात अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत करा.

तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. काचबिंदू घराण्यात चालतो आणि सुरुवातीला दुखत नाही, कळतही नाही. तुम्ही आणि तुमची भावंडं डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. आमच्या घरी मामांच्या धाकट्या मुलाला अशाच तपासणीत सुरुवात सापडली. तो आता रोज रात्री थेंब घालतो.