ऋण कोणाचं, सोडणार कोण?

प्रश्न : बाई, सलाम. नोव्हेंबरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण झाला. कोहळी, संत्री, कोंबड्या, सगळ्यांचा लिलाव होऊन १८,४०० रुपये जमले; वहीत मात्र १५,००० च चढले. बोली मीच लिहून घेत होते, म्हणून कळलं. महिला संघाची खजिनदार माझी वीस वर्षांची मैत्रीण. विचारलं तर रडली, मुलाच्या फीसाठी घेतले म्हणाली. पाळकसाहेब म्हणतात, "प्रीती पापांची रास झाकून टाकते, विषय वाढवू नका." मी क्षमा केली म्हणते, पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला तिच्या शेजारी गुडघे टेकवत नाहीत. हिशोब मागितला तर माझी क्षमा खोटी ठरेल का?
— एक भगिनी, सदर, नागपूर

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र वाचून संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्याच ओळीवर अडले. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." आपल्या ऋण्यांस! मैत्रिणीनं तुमचा विश्वास मोडला, ते तुमचं ऋण. ते सोडणं तुमच्या हातात आहे. पण ते ३,४०० रुपये तुमचे नव्हते, पाळकसाहेबांचेही नव्हते. कुण्या म्हातारीनं परसातलं कोहळं आणलं, कुणी ते दुप्पट बोलीनं घेतलं, ते देवाला म्हणून. ते परस्पर सोडून देणारे आपण कोण?

तेव्हा हिशोब जरूर मागा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात प्रभू एका दमात दोन्ही सांगतो : भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. पाळकसाहेबांनी सांगितलेलं पेत्राचं वचनही खरंच आहे. पण झाकायची ती तिची लाज, चारचौघांत. वहीतला आकडा नाही.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. ३५ वर्षांपूर्वी मी मंडळीची खजिनदार होते. दानार्पणाचे पैसे आणि घरखर्चाचे एकाच पर्समध्ये. एकदा पगार लांबला, त्यातले ७४० रुपये खर्चून गेले, आणि भरीन भरीन म्हणत राहूनच गेले. आमच्या एका वडीलजनांना ते कळलं. कमिटीत ते अक्षर बोलले नाहीत. मे महिन्यातल्या भर दुपारी सायकलनं घरी आले, माठातलं पाणी प्यायले, कूलरसमोर बसून एकेका पावतीवर बोट ठेवत बेरीज केली. शेवटच्या पावतीवरचं बोट न उचलता म्हणाले, "बेटा, हे कसं भरायचं ते आपण दोघं ठरवू." तीन हप्त्यांत फिटले. शेवटचा हप्ता दिला त्या रविवारी शास्त्रपाठ त्यांनी मला वाचायला लावला. नुसतं "जाऊ दे" म्हणाले असते, तर त्यांची नजर चुकवता चुकवता मी मंडळीच सोडली असती.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातली हीच वाट : आधी दोघंच एकांतात, मग एकदोन जणांना घेऊन, शेवटी मंडळी. तुमची पहिली पायरी अर्धीच झाली आहे. बोलीची यादी घेऊन तिच्या घरी जा. महिन्याला ५०० ठरले तरी सात महिन्यांत फिटतील. मग संघाच्या अध्यक्षीणबाईंना तिनं स्वतः सांगावं, तुम्ही सोबत बसा. आणि फीची अडचण मंडळीपुढे मांडायला तिला इतकी लाज का वाटली, याचा विचार आपण सगळ्यांनीच करायला हवा. मला तरी ते फार लागलं.

रोकड मात्र तूर्त तिच्याकडे नको. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा कुणी दोष ठेवू नये म्हणून प्रेषित पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांतले आणखी भाऊ पाठवले (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). तुमच्याकडेही यापुढे दोघींनी मोजावं, दोघींनी सही करावी. खजिनदार कुणीही असो. पण नाताळच्या गाण्यांतून, फराळाच्या कामातून तिला वगळू नका. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल शिक्षा झालेल्या माणसाला क्षमा करून धीर द्यायला सांगतो, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल.

राहिलं प्रभुभोजन. त्यासाठी सात महिने थांबू नका. यादीचं बोलणं या आठवड्यातच उरका, आणि रविवारी सकाळी तिच्या दाराशी जाऊन हाक मारा. दोघी एकाच ऑटोनं या.