वाचकांचे प्रश्न : बडीशेप भाजताना, खाताना

प्रश्न : दरवर्षी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची मिसळून वर्षाची चटणी करते. यंदा प्रथमच बडीशेप घातली आणि चटणी कडवट झाली. बडीशेप जुनी असेल का?
– गृहिणी, निपाणी

उत्तर : जुन्या बडीशेपेचा वास जातो, पण ती कडू होत नाही. तुमची करपली असणार. धन्यांबरोबर एकाच कढईत भाजली की हमखास असं होतं. धने खमंग व्हायच्या आत बारीक बडीशेप काळवंडते. तिला शेवटी, एकटीच घ्या. एक किलो मिरचीला ५० ग्रॅम पुरे, जास्त झाली तर रश्श्याला गोडसर चव येते. कढई मंद आचेवर ठेवून दोन-तीन मिनिटं सतत हलवा. हिरवा रंग किंचित पिवळसर झाला, वास सुटला आणि दाणा चिमटीत कुरकुरीत मोडला, की लगेच ताटात पसरा. गॅस बंद करून कढईतच ठेवली तरी ती भाजत राहते, बहुतेकींचं चुकतं ते इथंच. पूर्ण गार झाल्यावरच डंकावर न्या. गरम भरली तर डब्यात वाफ धरते आणि चटणीला गुठळ्या होतात.

प्रश्न : जेवणानंतर बडीशेप खाल्ल्याने कॅल्शियम मिळतं म्हणतात. खरं का?
– वाचक, खानापूर

उत्तर : १०० ग्रॅम बडीशेपेत सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४० ग्रॅम तंतू असतात, हे खरं. पण आपण खातो चमचाभर, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम. त्यातून कॅल्शियम मिळतं २४ मिलिग्रॅम. नाचणीच्या एका भाकरीत याच्या कितीतरी पट असतं, तेव्हा कॅल्शियमसाठी भाकरीच खा. बडीशेपेचा खरा गुण तिच्या सुगंधी तेलात आहे. गॅस धरला असेल तर चमचाभर बडीशेप जाडसर ठेचा, त्यावर कपभर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून प्या. उकळत ठेवू नका, तेल वाफेबरोबर उडून जातं. गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळांसाठी असा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रंगीत गोळ्यांच्या बडीशेपेत मात्र साखरच जास्त.

प्रश्न : बाळंतशेप आणि बडीशेप एकच का?
– वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. बाळंतशेप म्हणजे शेपूचं बी. शेपूला कन्नडमध्ये सब्बसगी म्हणतात. ते चपटं, तपकिरी आणि चवीला तिखटसर असतं. कन्नड दुकानदाराकडे बडीशेप हवी तर ‘सोंपु’ मागा आणि घेण्याआधी एक दाणा चावून बघा, गोड लागला पाहिजे.